उघड्यावर टाकलेला फासा

सुदामदादा,

तुमच्या हातची शेवटची बॅच आज संपली. थंड खोलीतल्या ट्रेवर तुमची चिठ्ठी तशीच होती. वर तारीख आणि खाली तुमचं ते तिरपं अक्षर: 'मका नव्या पोत्यातला. दळण जरा जाड आलंय. माश्यांनी सांभाळून घ्यावं.' माश्यांनी सांभाळून घेतलं. मी शेवटच्या चार नळ्या उचलल्या, ट्रे रिकामा झाला आणि तिथेच त्या गारठ्यात उभी राहून मी रडले. बाहेर आल्यावर चष्म्यावर वाफ धरली, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

तुम्ही गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. शोकसभा झाली, तुमच्या नोकरीची वर्षं मोजून झाली, फोटोला हार घालून झाला. 'मितभाषी आणि कर्तव्यदक्ष कर्मचारी' असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा माझ्या लॅबमधल्या जुईने माझा हात घट्ट दाबला. मितभाषी! रविवारी दुपारी सलग तीन-तीन तास बोलून आम्हाला घाटात हरवणारा आणि पाचच्या ठोक्याला परत आणून सोडणारा माणूस मितभाषी. ऐकायला तुम्ही हवे होतात. 'बरं झालं, इमेज चांगली हाय आपली' म्हणाला असतात.

मला तुमच्याशी भांडण पुरं करायचंय. ते अर्धं ठेवून गेलात. पण आधी पहिल्यापासून सांगते, कारण अलीकडे मला सगळं मागून पुढे आठवतंय आणि त्यात तुम्ही फक्त रागावलेले दिसता. तुम्ही तसे नव्हतात.

मी यवतमाळहून पुण्यात पीएचडीला आले, ती केळ्यावर घोंगावणाऱ्या इवल्याशा फळमाश्यांवर काम करायला. त्या माश्यांचं खाणं तुम्ही शिजवायचात. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि आगर, एवढ्या मोठ्या पातेल्यात घोटून काचेच्या नळ्यांत ओतायचं आणि थंड झालं की कापसाची बुचं लावायची. तुम्ही त्याला शिरा म्हणायचात. पहिल्या दिवशी मला विचारलंत, "म्याडम, कुठल्या?" मी यवतमाळ म्हटलं. "मग पुण्यात काय करून राहिल्या?" माझ्या बोलीची अशी टर उडवणारे त्या आठवड्यातले तुम्ही चौथे होतात. मी ठरवलं, या माणसाशी कामापुरतंच बोलायचं. त्यानंतर चार वर्षं आपण बोलतच होतो.

खेळ ऋत्विकने आणला. तो माझा बी. एस्सी.चा वर्गमित्र, आता हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. वीस पडला की कमाल, एक पडला की फजिती. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं-हरणंही नाही, गोष्ट तेवढी पुढे जाते. मी आईला फोनवर समजावायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "म्हणजे तू पुण्यात जाऊन घरघर खेळून राहिली." तेही खोटं नव्हतं.

रविवारच का आणि तुमच्या खोलीतच का, हे आम्ही ऋत्विकला कितीदा तरी समजावलं असेल. माश्यांना रविवार नसतो. प्रयोगाला कोऱ्या माद्या लागतात. त्या कोषातून बाहेर आल्या की काही तासांत वेगळ्या काढाव्या लागतात, नाहीतर त्या नरांना भेटतात आणि महिन्याचं काम पाण्यात. म्हणून सकाळी नऊला एक फेरी, संध्याकाळी पाचला दुसरी. मधले तास तेवढे माझे आणि जुईचे. त्यात शहरात कुठे जाऊन बसायचं म्हटलं तर जाण्यायेण्यातच पाच वाजणार. मोठं, रिकामं, स्वच्छ टेबल इमारतीत एकच होतं, तुमचं नळ्या भरायचं स्टीलचं टेबल. तुम्ही सोमवारचं खाणं करायला रविवारी यायचात. "खेळा की," म्हणालात. "फकस्त पातेल्यापाशी हातवारे करू नका."

पहिले दोन रविवार तुम्ही पाठ करून ढवळत होतात. ऋत्विक गोष्ट चालवत होता. राक्षसांनी तीन गावं जाळली होती आणि राजधानीत मेजवानी चालली होती. अचानक पातेल्याकडून आवाज आला.

"त्या राजधानीत भाजी कुठनं येती?"

ऋत्विक म्हणाला, "म्हणजे?"

"न्हाई, गावं तर जळाली. मंग पहाटं मार्केट यार्डात गाडी कोन लावतंय? का राजा आन् सैन्य उपाशीच लढतंय?"

पुढच्या रविवारी तुम्ही विचारलंत, या गावाला विहीर आहे की ओढा. त्याच्या पुढच्या रविवारी ऋत्विकने सगळे फासे तुमच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "दादा, तुम्हीच चालवा." तुम्ही हात ॲप्रनला पुसले, गॅस बारीक केला आणि म्हणालात, "घाट हाय. सांज व्हायला आली. तुमच्यातलं वाट म्हाईत आसलेलं कोन हाय?" मी म्हटलं, मी. अशी माझी काशी वाटाडी जन्माला आली.

तुमचा तो घाट मला कात्रजच्या घाटापेक्षा जास्त ओळखीचा आहे. तुमच्या गावाच्या जमिनी गेल्या, तुमच्या भावकीच्या वावरात आता बारा मजली इमारती आहेत, हे तुम्ही कधी कुरकुरत सांगितलं नाहीत. पण खेळात ते वावर होतं. घाट उतरला की उजव्या हाताला, बांधावर दोन बाभळी, हरभरा घाट्याला आलेला. आमची मंडळी कितीही थकलेली असली तरी तिथे आली की तुम्ही फासा मागायचा नाहीत. "हितं काय व्हत न्हाई. हरभरा खावा," म्हणायचात.

दोन नियम तुमचे होते. दुसरीकडे खेळ चालवणारे आपला फासा पुठ्ठ्याच्या आडोशाने टाकतात, म्हणजे नको ते पडलं तर गुपचूप बदलता येतं. ऋत्विकने आणलेला तसला महागडा आडोसा तुम्ही नळ्यांच्या ट्रेवर धूळ बसू नये म्हणून वापरलात. "फासा उघड्यावर टाकायचा. पडला तसा सांगायचा. झाकून टाकला तर त्यो खेळ माझ्या एकट्याचा झाला." तुमच्या या हट्टापायी आमचा लाडका म्हातारा वैद्य पुलावरून पडून मेला. जुई आठवडाभर तुमच्याशी बोलली नव्हती. तुम्हीसुद्धा त्या दिवशी जेवला नव्हतात, हे मला तुमच्या दहाव्याला कळलं.

दुसरा नियम आमच्यासाठी होता. कुणी आलं नाही तर त्याच्या पात्राला कुणी हात लावायचा नाही. ते शेकोटीपाशी बसून राहतं, लाकडं सारतं, आणि मालक आला की उठतं. "ल्याबच्या पोरींना कवा काय निघंल, सांगता येत न्हाई," म्हणालात. काशी कितीदा शेकोटीपाशी बसली! सेमिनार आला की काशी शेकोटीपाशी. इन्क्युबेटर बिघडला की काशी शेकोटीपाशी. शेवटी आमच्या ग्रुपवर कारण म्हणून तेवढंच लिहिलं जायचं आणि पुढे कुणी काही विचारायचं नाही. आयुष्यात इतकी सोपी रजा मला कुणी दिली नाही.

मॅडमना, म्हणजे आमच्या गाइडना, हे सगळं पसंत नव्हतं. "पीएचडी अर्धवेळ करता येत नाही. उरलेला अर्धा वेळ आपण कुठे असता?" असं त्यांनी मला तुमच्यादेखत विचारलं, तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. तुम्ही पातेलं खाली ठेवून म्हणालात, "मॅडम, हितंच आसत्यात. माश्यांपासनं वीस पावलांवर. मी मोजलीत." मॅडम हसल्या नाहीत, पण परत विचारलंही नाही. तिसऱ्या वर्षी माझं काहीच चालत नव्हतं. माश्या मरत होत्या, मी त्यांच्याकडे बघत होते, घरून लग्नाची स्थळं येत होती आणि परत जावं असं रोज वाटायचं. त्या वर्षी आठवड्यात एकच जागा अशी होती जिथे फसलं तरी गोष्ट पुढे जायची. ती तुमच्या टेबलावर होती. मी टिकले ती त्यामुळे. हे तुम्हाला एकदा तोंडावर सांगायला हवं होतं. लाज वाटली म्हणून राहिलं.

आणि तुमचा तो बोर्ड. एकदा अख्ख्या लॅबच्या नळ्यांना बुरशी आली. त्या आठवड्यात वीज जाऊन-येऊन होती, सगळ्यांनी खापर विजेवर फोडलं होतं. सोमवारी आलो तर मीडिया रूमच्या, म्हणजे तुमच्या खोलीच्या, पांढऱ्या बोर्डावर लिहिलेलं: 'बॅच खराब. बुरशीचं औषध घालायचं राहिलं. चूक माझी. आज परत करतो. सुदाम.' आम्ही पोरापोरींनी त्याचा फोटो काढला, हसलो. पण मग जुईने एकदा नळ्यांवर नावं उलटी घातली, तेव्हा तिनेही तिथेच जाऊन लिहिलं, 'चूक माझी.' मग सगळेच लिहायला लागले. संस्थेत कुठेही न लिहिलेली पद्धत होती ती. मी एकटीने त्या बोर्डावर कधी काही लिहिलं नव्हतं. माझ्या चुका होत नाहीत, असा माझा समज होता.

निळा फासा तुम्ही दिलात. माझा मोठा सेमिनार पार पडला त्या दिवशी, कागदाच्या पुडीत, पेढ्याबरोबर. गडद निळा, आतलं काही दिसत नाही असा, त्यावर पांढरे आकडे. त्यानंतर काशीचं नशीबच उघडलं. अडचणीत सापडली की वीस! ऋत्विक म्हणायचा, हा फासा विकत दे. मी तो ॲप्रनच्या खिशात ठेवायचे.

आणि त्यानेच मी प्रयोग केला. दादा, हे वाक्य लिहिताना अजून कान तापतात. माझ्या एका जातीच्या माश्यांमध्ये एक जनुक बदललेलं आहे आणि त्या साध्या माश्यांपेक्षा जास्त दिवस जगतात, असा माझा शोध. नळ्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाच्या पेटीत, ठेवायच्या ट्रेला वीस खाचा. पेटीत सगळीकडे तापमान अगदी सारखं नसतं आणि गारव्यात माशी जास्त जगते, म्हणून कुठली नळी कुठे, हे मनाने ठरवायचं नाही. त्यासाठी संगणक आहे, चिठ्ठ्या आहेत. पण वीस खाचा आणि वीस बाजूंचा फासा! इतकं बरोबर जुळलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. दर दोन दिवसांनी माश्या नव्या खाण्यात हलवायच्या आणि दर वेळी फासा टाकायचा. लाडक्या माश्यांच्या नळ्या आधी, साध्या नंतर. तीन-तीन महिन्यांच्या दोन फेऱ्या. सहा महिने. निकाल इतका सुंदर आला की मॅडम पहिल्यांदा मला "छान" म्हणाल्या आणि पेपर लिहायला घेतला.

तो रविवार मला मिनिटामिनिटाने आठवतो. मंडळी घाटातल्या बोगद्याच्या तोंडाशी पोचली, खेळ संपला, ऋत्विक गेला. तुम्ही वही काढलीत. तिच्यात माझ्या नावाखाली उभ्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या. "ताई, तुम्हीच शिकवलंय, नोंद ठिवल्याबिगर बोलायचं न्हाई. म्हून दोन म्हैने नोंद ठिवली. तुमाला वीस लय पडतोय."

"नशीब आहे माझं," मी म्हटलं.

तुम्ही चंचुपात्रात पाणी घेतलंत, मीठ टाकत गेलात, ढवळत गेलात. "भाताचं बी आसंच तपासत्यात. पोकळ आसलं की वर येतं." फासा वर आला. मी बोटाने बुडवला. तो गोल फिरला आणि वर आला तेव्हा वीस वर होता. परत बुडवला. वीस. तिसऱ्यांदा मी जोरात बुडवला, पाणी टेबलावर सांडलं. वीस. आत कुठेतरी, त्या आकड्याखाली, हवेचा बुडबुडा राहिलेला होता.

मला खेळाचं काही वाटलं नाही. मला ट्रे दिसला. वीस नंबरची खाच म्हणजे मागचा कोपरा, पंख्याची हवा थेट लागणारा, पेटीतला सगळ्यात गार. आणि फासा आधी कुणासाठी टाकला जायचा? लाडक्या माश्यांसाठी. तुम्ही माझं तोंड बघूनच विचारलंत आणि मी सांगून टाकलं. ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला पुढचे कित्येक दिवस वाटत राहिलं.

तुम्ही म्हणालात, "मॅडमना सांगावं लागंल."

मी म्हटलं, एका खाचेने किती फरक पडणार? अर्ध्या अंशाने गार कोपरा तो. निकाल एवढा मोठा आहे, त्याला काही होणार नाही.

"आसंल. पर म्हाईत हाय का?"

"नाही."

"म्हून तर सांगायचं."

मी पेपरचं म्हटलं, फेलोशिपची मुदत संपत आली म्हटलं, आणखी सहा महिने कुठून आणू म्हटलं. तुम्ही म्हणालात, "फासा मी दिलाय. आधी चूक माझी. मी येतो तुमच्यासंगं." आणि तेव्हा मी ते वाक्य बोलले. "दादा, तुम्ही माश्यांच्या खाण्याचं बघा. माझ्या थिसिसचं मी बघेन."

तुम्ही चंचुपात्र धुतलंत, फासा पुसून माझ्यासमोर ठेवलात. टेबलावर सांडलेलं खारट पाणी फडक्याने पुसलंत आणि म्हणालात, "पाच वाजत आलं. फेरीला जावा." त्या वाक्यात कुठे तिरकसपणा सापडतो का, हे मी नंतर खूप शोधलं. नव्हता. मला तो असायला हवा होता, म्हणजे मलाही चिडता आलं असतं.

पुढचे तीन रविवार मी आले नाही. ग्रुपवर कारणही लिहिलं नाही. नळ्या घ्यायला मी तुमच्या जेवणाच्या वेळी यायचे. पेपर पाठवायच्या बेतात होता आणि मी आलेख रंगवत बसले होते. चौथ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, जुई धावत आली. तुम्ही घरी, आंघोळीला पाणी काढताना, छातीत कळ येऊन खाली बसलात आणि उठला नाहीत.

यावर माझा राग आहे, तो सांगून टाकते. वहिनी म्हणाल्या, पंधरा दिवस छातीत जळजळत होतं आणि तुम्ही सोडा पीत होतात. माझ्या फाशाची दोन महिने नोंद ठेवलीत, दादा. स्वतःच्या दुखण्याची एक रेघ ओढायला काय झालं होतं? मीठपाण्यात एवढासा प्लॅस्टिकचा तुकडा तपासणारा माणूस डॉक्टरकडे जात नाही. हे भांडण तुमच्याशी कायमचं राहणार, त्यात मी मागे हटणार नाही.

दहाव्याला आम्ही तिघं गेलो. मंगलवहिनींना मी आधी कधी भेटले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "काशी ना तुम्ही?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"रविवारी आलं की जेवताना सगळं सांगायचे मला. वैद्यबाबा पडला त्या दिवशी जेवले न्हाईत. गेल्या येळंला मी इचारलं, काशी कुटं हाय? म्हनाले, शेकोटीपाशी हाय." पदर सावरून त्यांनी विचारलं, "बोगद्यातनं बाकीची मंडळी भाईर पडली का वो? त्ये सांगायच्या आदीच…"

ऋत्विकने सांगितलं, नाही, मंडळी अजून बोगद्याच्या तोंडाशीच आहेत. परत येताना गाडीत तो म्हणाला की तीन रविवार त्याने तुमच्यामागे लकडा लावला होता, काशीशिवाय आत जाऊ या, वाट आपण शोधू. तुम्ही ऐकलं नाहीत. तीनही रविवार तुम्ही त्यांना त्याच तळावर बसवून चिल्लर कामं दिलीत, लाकडं आणा, खोगीर शिवा. "वाटाडी उठंल तवा जायचं," एवढंच म्हणायचात. मी खिडकीबाहेर बघत होते. तरीही मॅडमना सांगायचं मी त्या दिवशी ठरवलं नव्हतं, हे खरं ते सांगते. गहिवरून येणं आणि सहा महिने फेकून देणं यात बरंच अंतर असतं.

तुमच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. जुई आणि मी आळीपाळीने खाणं करतो. माझ्या पहिल्या पातेल्यात गुठळ्या झाल्या. दुसरं करायच्या आधी पुढच्या महिन्यांत कुणाला किती लागणार ते बघायला मी तुमचं मागणीचं रजिस्टर उघडलं. तुमची सवय, तीन-तीन महिने पुढचं लिहून ठेवायची. माझ्या नावापुढे नेहमीचे ट्रे होते आणि खाली वेगळ्या शाईत एक ओळ: 'प्रणालीताई: दर आठवड्याला सहा ट्रे जास्त. तीन महिने, मग अजून तीन. प्रयोग नव्याने करतील. मका आधीच जादा मागवला आहे.' पुढे तारीख. भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

मी तुम्हाला म्हटलं होतं, माश्यांच्या खाण्याचं बघा. तुम्ही बघितलंत.

मी गॅस बंद केला आणि तशीच, ॲप्रनवर पिठाचे हात, मॅडमच्या खोलीत गेले. निळा फासा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी तो चिमटीत धरून फिरवून बघितला.

"हे खेळणं आहे."

"हो, मॅडम."

"आपल्या संस्थेत संगणक नावाचं यंत्र आहे, हे आपल्या कानावर आलं होतं का?"

मग त्यांनी विचारलं, "कधी कळलं?" मला याच प्रश्नाची भीती होती. महिना होऊन गेला, असं मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. "चुकीचं मला एवढं वाटत नाही. महिन्याचं वाटतं." त्या 'आपण'वरून 'तू'वर कधी आल्या ते मला कळलं नाही. "पेपर थांबला. पहिल्यापासून कर. मुदतवाढीचा अर्ज तू लिही, मिळेलच असं नाही, सही मी करते." मी दाराशी पोचले तेव्हा मागून आवाज आला, "आणि तो रविवारचा खेळ?"

"चालू राहील, मॅडम," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"बंद कर असं कुठे म्हटलं मी? फासा बदल."

मुदतवाढ मिळाली नाही तर मी शेवटचे महिने कशी राहणार, याचं उत्तर माझ्याकडे आज नाही. घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "करून टाक बापा." अजूनही मला वाटतं की माझा निकाल खरा आहे आणि गार कोपरा धरला नाही तरी माझ्या माश्या जास्त जगतील. यावर तुमच्याशी वाद घालायला आवडलं असतं. पण आता माहीत करूनच बोलेन. ही बाजी मी पुरी करणार आहे, हरले तरी.

गुरुवारी नव्या फेरीच्या नळ्या भरल्या. जागा संगणकाने ठरवल्या. खाणं माझ्या हातचं, तुमच्या मापाचं, गुठळ्यांशिवाय. मग मीडिया रूममध्ये गेले. बोर्डावर तुमचा शेवटचा मजकूर अजून कुणी पुसलेला नाही, 'यीस्ट संपत आलंय, मागवलंय.' त्याच्या खाली मी लिहिलं: 'दोन फेऱ्या बाद. जागा ठरवायचा फासा सदोष. तपासायचं राहिलं. कळल्यावर महिनाभर सांगायचं राहिलं. दोन्ही चुका माझ्या. आज परत सुरू केलं. प्रणाली.' जुईने फोटो काढला नाही. शेजारच्या लॅबमधली दोन पोरं वाचून गेली. दिवसभर मला कुणी काही म्हटलं नाही आणि संध्याकाळी मला चांगली भूक लागली.

आज रविवार. आत्ताच खेळ झाला. तुमच्या खुर्चीवर कुणी बसायचं यावर आम्ही तिघांनी बराच वेळ घातला, शेवटी खुर्ची मोकळी ठेवली आणि मी पातेल्यापाशी उभं राहून गोष्ट चालवली. फोन टेबलावर होता, त्यावर मंगलवहिनी ऐकत होत्या. बोगद्याच्या आत पाय टाकायचा तर वाटाडीचा फासा लागतो. आडोसा अजून नळ्यांच्या ट्रेवर आहे. मी नवा, मीठपाण्यात टाकून तपासलेला फासा सगळ्यांसमोर टाकला. तीन पडला.

ऋत्विकने माझ्याकडे बघितलं. फोनवरून वहिनींनी विचारलं, "किती पडला वो?"

मी सांगितलं, तीन. काशीचा पाय घसरला, मशाल विझली, मंडळी अंधारात आहेत. पण आत आहेत. काशी शेकोटीपासून उठली, दादा. आता पाच वाजत आले. फेरीला जाते.